जुनं एचएमटी की नवं ऑटोमॅटिक? पैसे देण्याआधी मशीन कसं पारखायचं

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आयुष्यातलं पहिलं मशीनचं, म्हणजे बॅटरीशिवाय चालणारं घड्याळ घ्यायचंय, बजेट पंचवीस हजारांच्या आत, आणि समोर तीन पर्याय आहेत: ऑनलाइन दिसलेलं जुनं एचएमटी जनता, एनएच ३५ मशीन बसवलेलं एक नवं ऑटोमॅटिक, आणि ऑफिसमधल्या एका काकांकडचं ईटीए २८२४-२ मशीनचं, सात-आठ वर्षं वापरलेलं स्विस घड्याळ. यातलं कुठलं मशीन जास्त भरवशाचं, आणि ते घेण्याआधी कसं ओळखायचं?

तीस वर्षांहून जास्त काळ मी डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडतोय. ही तिन्ही मशीनं माझ्या टेबलावर शेकड्यांनी येऊन गेली आहेत आणि तिन्ही चांगली आहेत. म्हणून "कुठलं मशीन" हा अर्धाच प्रश्न झाला. तुमच्या हातात येणारा तो एक नग किती वर्षं तेलाशिवाय चालतोय, तो याआधी कोणी उघडलाय आणि उद्या बंद पडला तर तुमच्या गावातला कारागीर तो सुरू करू शकेल का, हा उरलेला अर्धा. न बिघडणारं मशीन अजून कोणी बनवलेलं नाही. बिघडल्यावर पुन्हा रुळावर येतं, ते भरवशाचं.

आधी ज्युएलचा, म्हणजे चाकांच्या टोकांखालच्या माणिक खड्यांचा विषय संपवून टाकतो, कारण दुकानात पहिल्यांदा तोच ऐकवला जातो. चावीच्या साध्या घड्याळात १७ ज्युएल म्हणजे पूर्ण झालं. बॅलन्सच्या (झोके घेणाऱ्या चाकाच्या) दोन्ही टोकांना मिळून चार, बॅलन्सखाली धक्का घेणारा एक, पॅलेटचे (बॅलन्सला धक्का देणाऱ्या फाट्याचे) दोन खडे, आणि पॅलेट, एस्केप, चौथं, तिसरं व मधलं चाक यांच्या टोकांना प्रत्येकी दोन. मोजून बघा, सतराच भरतात. ऑटोमॅटिकमध्ये रोटरकडून (हात हलला की फिरणाऱ्या वजनाकडून) स्प्रिंग भरणारी जास्तीची चाकं असतात, म्हणून २१, २४, २५ असे आकडे येतात. साठच्या दशकात जपानमध्ये ओरिएंटने शंभर ज्युएलचं घड्याळ काढलं होतं, पण त्यातल्या बहुतेक खड्यांना आकडा वाढवण्यापलीकडे फारसं काम नव्हतं. शिवाय हे माणिक कारखान्यात तयार होतं, त्याची किंमत किरकोळ असते. ज्युएल जास्त म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल, तर हसून पुढे चला.

आता तुमच्या तिन्ही मशीनांबद्दल.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनतामधलं मशीन त्याच घराण्यातलं: हाताने चावी द्यायची, १७ ज्युएल, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. ना तारीख ना रोटर, त्यामुळे बिघडायलाही फारसं काही नाही. चाकं जाड, जागा ऐसपैस, शिकाऊ मुलाच्या हातात पहिलं मशीन द्यायचं तर आम्ही हेच देतो. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळं बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून सुट्या भागांचा नवा माल नाही. पण ही घड्याळं देशात इतकी विकली गेलीत की एका मेलेल्या घड्याळातून दुसरं जिवंत होतं. दहावी पास झाल्यावर, लग्नात, नोकरी लागल्यावर घराघरांत दिलेली ही घड्याळं अजून कपाटांतून निघताहेत.

एनएच ३५ हे सीको समूहाचं, इतर ब्रँडांना विकण्यासाठी काढलेलं मशीन. २४ ज्युएल, तासाला २१,६०० ठोके, पूर्ण भरल्यावर ४१ तासांच्या आसपास चालतं. रोटर दोन्ही बाजूंना फिरला तरी स्प्रिंग भरणारी त्यातली 'मॅजिक लिव्हर' सीकोने १९५९ मध्ये आणली. इतकी साधी की ती झिजून घड्याळ बंद पडल्याचं मला क्वचितच दिसलंय. कंपनी स्वतः दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची मुभा सांगते. हा आकडा वाचून लोक घाबरतात, पण बहुतेक नग याच्या बरेच आत चालतात. खरं बलस्थान वेगळंच आहे: हे मशीन अख्खं नवंकोरं सुटं विकत मिळतं. सर्व्हिसिंगला जेवढा खर्च येईल, त्याच्याच आगेमागे पैशांत कधीकधी मशीनच बदलून मिळतं. माझ्यासारख्याला हे ऐकायला बरं वाटत नाही, पण ग्राहकासाठी ते खरं आहे. मात्र या मशीनच्या नकलाही बाजारात फिरतात, म्हणून ओळख नसलेल्या ब्रँडचं घड्याळ घेताना पारदर्शक झाकणातून रोटर आणि त्यावरची अक्षरं जवळून बघा.

ईटीए २८२४-२ हे स्वित्झर्लंडचं ओझं वाहणारं घोडं. २५ ज्युएल, तासाला २८,८०० ठोके, ३८ तासांच्या आसपास चाल. शेकडो ब्रँडांनी हेच मशीन वापरलं. तेच नाव असलं तरी आत दर्जे वेगळे असतात: साध्या दर्जाचं दिवसाला साधारण १२ सेकंदांच्या आतबाहेर लावून येतं, वरच्या दर्जाचं चारच्या. सेलिटा या दुसऱ्या स्विस कंपनीचं एसडब्ल्यू २०० हे त्याचंच भावंड, २६ ज्युएलचं. या घराण्याचा एक दुबळेपणा सांगायलाच हवा. रोजच्या रोज हाताने चावी भरणं यांना मानवत नाही. भरणाऱ्या चाकांवर ताण येतो आणि एसडब्ल्यू २०० च्या सुरुवातीच्या मशीनांत रॅचेट चाकाचा दात तुटण्याची तक्रार सगळ्या कारागिरांना ठाऊक आहे. ऑटोमॅटिक आहे ना, मग मनगटावर घाला. बंद पडलं असेल तेव्हा दहा-बारा वेढे द्या, बास.

आता मुख्य गोष्ट, जी पहिल्यांदा घेणाऱ्यांच्या हमखास उलटी डोक्यात बसलेली असते. "हे घड्याळ दिवसाला फक्त दोन सेकंद पुढे जातं" असं विकणारा सांगतो आणि घेणारा खूश होतो. मला त्या 'दोन'चं कौतुक नाही. रोज बारा सेकंद पुढे जाणारं, आणि टेबलावर पालथं, सुलटं, उभं, आडवं कसंही ठेवलं तरी बाराच्या आसपास राहणारं घड्याळ मी डोळे झाकून घेईन. बारा सेकंद म्हणजे काय? दिवसाचे सेकंद ८६,४००. बारा म्हणजे दहा हजारांत दीडही नाही. आणि तो सारखेपणा असला की रेग्युलेटरची, म्हणजे चाल कमी-जास्त करायची काडी केसभर सरकवून दोन मिनिटांत ते शून्याजवळ आणता येतं. उलट आज दोन पुढे, उद्या पंचवीस मागे, डायल वर असताना एक आणि उभं असताना तिसरंच, अशा घड्याळाची सरासरी दोन आली तरी ते आजारीच. स्वित्झर्लंडची क्रोनोमीटर चाचणीही १५ दिवस, पाच स्थितींत, तीन तापमानांत चालते. तिथे सरासरी उणे ४ ते अधिक ६ च्या आत लागतेच, पण रोजच्या चालीतला आणि वेगवेगळ्या स्थितींतला फरकही मोजला जातो.

म्हणून काकांकडून घड्याळ तीन-चार दिवस मागून घ्या. ओळखीचे आहेत, देतील. पूर्ण भरून रात्री डायल वर करून ठेवा, सकाळी फोनच्या वेळेशी ताडा. दुसऱ्या रात्री क्राउन, म्हणजे चावी द्यायचं बटण, खाली करून उभं ठेवा, तिसऱ्या रात्री क्राउन वर. प्रत्येक वेळी किती सरकलं ते कागदावर लिहा. मग एकदा भरून तसंच सोडून द्या आणि बघा, ३८ तासांच्या जवळ जातं की पंचवीसलाच मान टाकतं. लवकर बंद पडत असेल तर एक तर स्प्रिंग थकली आहे, नाही तर आत तेल वाळून चिकट झालंय. या चार दिवसांत जे कळतं ते कुठल्याही फोटोत दिसत नाही.

एचएमटी ऑनलाइन घेताय, म्हणजे ही सोय नाही. निदान एवढं करा: विक्रेत्याकडे घड्याळ पूर्ण थांबलेल्या अवस्थेतून सुरू करतानाचा व्हिडिओ मागा. थांबलेल्या घड्याळाला हळूच एक-दोन वेढे दिले की निरोगी मशीन स्वतःहून चालू होतं. हलवावं, थोपटावं लागत असेल तर बॅलन्सच्या टोकांशी काहीतरी अडतंय. चावी भरताना क-र्र क-र्र असा एकसारखा आवाज यायला हवा आणि वीस-पंचवीस-तीस वेढ्यांनंतर ठामपणे अडायला हवं. कितीही फिरवलं तरी अडतच नसेल, तर हाताने भरायच्या घड्याळात स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचं टोक सुटलंय. ऑटोमॅटिकमध्ये मात्र चावी कधीच अडत नाही, तिथे स्प्रिंग मुद्दाम घसरती ठेवलेली असते. हा फरक माहीत नसल्याने लोक चांगलं ऑटोमॅटिक "खराब" म्हणून परत करतात.

हातात आल्यावर अजून काही गोष्टी. क्राउन ओढून काटे फिरवताना हाताला हलका, सारखा विरोध जाणवला पाहिजे. काटे लोण्यासारखे फिरत असतील तर मिनिट काट्याखालची नळी ढिली झाली आहे. अशा घड्याळात सेकंद काटा बरोबर चालतो आणि मिनिट काटा मागे पडत जातो. माणूस मशीनला दोष देतो, प्रत्यक्षात एक नळी चिमटून घट्ट करायची असते. तारीख असलेलं घड्याळ असेल तर काटे हळूहळू मध्यरात्रीपलीकडे नेऊन तारीख बदलते का बघा, पण रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यानच्या वेळेवर काटे असताना तारखेची झटपट उडी कधीही मारू नका. त्या वेळात तारखेचे दात एकमेकांत अडकलेले असतात, अन् विकत घेण्याआधीच तुम्ही ते मोडाल.

काकांच्या २८२४ साठी एक खास परीक्षा आहे आणि तिला उपकरण लागत नाही. मागून काच असेल तर चावी देताना रोटरकडे बघा. हाताने चावी देताना रोटरही पंख्यासारखा गरगरू लागला, तर रोटरकडून स्प्रिंग भरणारी, उलटसुलट फिरणारी दोन छोटी चाकं कोरडी झाली आहेत. काच नसेल तर तो गरगराट हाताला कळतो. घड्याळ चालेल, वेळही बरी दाखवेल, पण सर्व्हिसिंगची वेळ झाली आहे. सात-आठ वर्षांत काकांनी सर्व्हिसिंग केलेली नसेल, आणि बहुतेकांनी केलेली नसतेच, तर त्या खर्चाइतके पैसे किमतीतून कमी करायला सांगण्यात संकोच बाळगू नका.

आता ज्या फसवणुकीत मी स्वतः पडलोय, ती सांगतो. नव्वदच्या दशकात, दुकान टाकून थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा मी एका व्यापाऱ्याकडून डझनभर जुन्या जपानी ऑटोमॅटिकांचा लॉट घेतला. सगळी चालू, सगळ्यांचा ठोका खणखणीत. मी दोन दिवस चालवून बघितली, वेळही छान. दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी परत आली. उघडून बघितलं तेव्हा कळलं, सगळं मशीन न सोडवता अख्खंच पेट्रोलमध्ये बुडवून, हलवून, वाळवून वरून तेलाचे ठिपके सोडले होते. पेट्रोलने जुनं चिकट तेल सैल होतं, म्हणून घड्याळ लगेच टुणटुणीत होतं. पण झिजलेली धूळ आतच राहते, नव्या तेलात मिसळते आणि काही महिन्यांत दळण सुरू होतं. तेल जास्त झालं तर ते हेअरस्प्रिंगवर, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर चढतं, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी भरधाव पळायला लागतं. त्या व्यापाऱ्यावर राग होताच, पण जास्त राग स्वतःवर होता. मागची झाकणं मी उघडलीच नव्हती.

झाकण उघडल्यावर काय बघायचं, ते सांगतो. नाकाला पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांबा. स्क्रूच्या खाचा बघा: खाचांच्या कडा फाटलेल्या, चकचकीत झालेल्या असतील तर चुकीच्या मापाच्या पेचकसाने कोणी घाई केली आहे. भिंगातून ज्युएल बघा. नीट तेल दिलेल्या ज्युएलमध्ये टोकाभोवती बारीक, स्वच्छ कडं दिसतं, खड्याची वाटी पूर्ण भरलेली नसते. सगळं ओलं, चमचम करत असेल तर ते सर्व्हिसिंग नव्हे, देखावा आहे. एकदम कोरडं, पांढरट दिसलं तर घड्याळ तसंच चाललंय, म्हणजे आत झीज सुरू झाली असणार. रोटर असलेल्या घड्याळात झाकणाच्या आतल्या बाजूला गोल ओरखडे दिसले, तर रोटरचा बेअरिंग सैल होऊन तो घासतोय.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तिरक्या उजेडात बघा. जुने कारागीर तिथे टोकदार सुईने तारीख आणि आपली खूण कोरतात. मीही कोरतो. एखाद्या झाकणात अशा चार-पाच तारखा पाच-सहा वर्षांच्या अंतराने सापडल्या, तर ते घड्याळ कोणाच्या तरी हातात जपलं गेलंय हे विकणाऱ्यापेक्षा ते झाकण जास्त खरं सांगतं. एकदा एका आजोबांचं घड्याळ आलं होतं, त्यात साल ओळीने कोरलेली होती, आणि मधे एक मोठी रिकामी जागा. विचारलं, तर म्हणाले, तेवढी वर्षं मुलाकडे होतं.

टाइमिंग मशीन असलेला कारागीर जवळ असेल तर शे-दोनशे रुपये देऊन घड्याळ तिथे लावून घ्या. ते मशीन टिकटिक ऐकून तीन आकडे सांगतं. दिवसाला किती पुढे-मागे, हा पहिला, आणि मघाशी म्हटल्याप्रमाणे सगळ्यांत कमी महत्त्वाचा. दुसरा बॅलन्सचा झोका, म्हणजे तो एका बाजूला किती अंश फिरतो. पूर्ण भरलेलं, डायल वर, तर २८२४ मध्ये २७० ते ३१० मध्ये असावा. एनएच ३५ मध्ये २४०-२५० ला मी हरकत घेत नाही. उभं धरल्यावर वीस-चाळीस अंश कमी होणं नैसर्गिक आहे, त्याहून जास्त पडत असेल तर टोकं घाण आहेत. पूर्ण भरलेलं असूनही दोनशेच्या खाली असेल तर ते घड्याळ चालत नाही, रेटतंय. उलट ३३० च्या वर गेलं तरी आनंदू नका, कोणीतरी गरजेपेक्षा ताकदीची स्प्रिंग घातली आहे आणि बॅलन्स पुढच्या बाजूने आदळतोय. तिसरा आकडा म्हणजे टिक आणि टॉकमधला फरक, मिलिसेकंदांत. लंगडणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा आवाज येत असेल तर हा वाढलेला असतो. ०.८ च्या आत असेल तर ठीक. जास्त असला तरी साध्या मशीनांत तो लावता येतो, फक्त झोका चांगला हवा.

यात एक पळवाट आहे. टाइमिंग मशीनला घड्याळाच्या मशीनचा 'लिफ्ट अँगल', म्हणजे ठोका पडताना बॅलन्स पॅलेटच्या संपर्कात जितके अंश फिरतो तो कोन, आधी सांगावा लागतो. २८२४ चा ५० अंश, एनएच ३५ चा ५३. बहुतेक यंत्रांवर आधीपासून ५२ असतो. चुकीचा आकडा टाकला की झोकाही चुकीचा दिसतो: २८२४ वर ५० ऐवजी ५२ ठेवला तर खरा २७० चा झोका पडद्यावर २८० च्या वर दिसेल. एखाद्या विक्रेत्याने तो आणखी वाढवून ठेवला, तर आजारी मशीनही पैलवान दिसतं. ऑनलाइन जाहिरातीत टाइमिंग मशीनचा फोटो असेल तर झोक्याच्या आधी कोपऱ्यातला लिफ्ट अँगल वाचा.

एकाएकी दिवसाला मिनिटांनी पुढे पळणारं घड्याळ मेलेलं समजू नका. फोनच्या कव्हरमधलं मॅग्नेट, स्पीकर, बॅगेचं चुंबकी बटण, यांमुळे हेअरस्प्रिंग चुंबकित होते. साधं होकायंत्र शेजारी धरा, सुई डुलली तर निदान झालं. चुंबक काढायला मला एक मिनिट लागतं. अशा घड्याळाची किंमत घासाघीस करून पाडून घ्या आणि गुपचूप घरी आणा!

तसंच सिटिझन समूहाच्या मियोटाच्या ८२०० मालिकेचं मशीन कधी हाती आलं, आणि सेकंद काटा मधेच अडखळून झटका मारताना दिसला, तर घाबरू नका. त्या मशीनमध्ये सेकंद काट्याला मुख्य चाकांच्या साखळीतून थेट बळ मिळत नाही, म्हणून तो अडखळतो. रोटर एकाच बाजूला भरतो आणि दुसऱ्या बाजूला सैल फिरून सळसळतो, तेही तसंच. आवाजाची सवय होते.

एचएमटीच्या बाबतीत मशीनपेक्षा डायलचा धोका मोठा. जगभरचे घड्याळ जमवणारे लोक ज्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ते आपल्याच मुंबईच्या नावाने प्रसिद्ध आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असं काही नाही. जुन्या एचएमटीची, सीकोची, फावर-लुबाची गंजलेली डायल खरवडून त्यावर कारखान्यातून कधी निघालेच नाहीत असे रंग मारायचे, काट्यांवर नवं रेडियम लावायचं, केस घासून चकचकीत करायची आणि फोटो टाकायचा. रंगापुरतं असतं तर माझी तक्रार नव्हती, आवडीचा प्रश्न आहे. पण ज्याने डायल रंगवायला उतरवली, त्यानेच मशीन त्या पेट्रोलमध्ये बुडवलेलं असतं, आणि दोन-तीन मेलेल्या घड्याळांचे भाग जमवून एक उभं केलेलं असतं. डायलवरची अक्षरं भिंगाने बघा: कडा जाड, फुगलेल्या, रंग तारखेच्या खिडकीच्या किंवा मधल्या भोकाच्या आत ओघळलेला, तर झालं. चाळीस वर्षांच्या घड्याळाची डायल थोडी पिवळी पडलेली, काचेवर ओरखडे असलेली मला जास्त विश्वासाची वाटते.

मुंबई-कोकणातल्या माणसाने अजून एक बघावं: क्राउन पूर्ण बाहेर काढून त्याच्या दांड्यावर गंज आहे का. पावसाळी हवा आणि घाम तिथूनच आत शिरतात. दांडा बदलता येतो, पण गंज पुढे काटे लावायच्या भागांत गेला असेल तर खर्च वाढत जातो.

दुरुस्तीच्या मुद्द्यावर दोन टोकाची उदाहरणं देतो. स्वॉचने २०१३ मध्ये सिस्टम ५१ काढलं: नावाप्रमाणे ५१ भाग, एका स्क्रूवर अख्खं मशीन, नव्वद तास चाल, यंत्राने जोडलेलं आणि सीलबंद. वेळ छान पाळतं. पण त्यात मी हात घालू शकत नाही, कोणीच घालू शकत नाही. थांबलं की संपलं. स्वॉच समूहाच्याच पॉवरमॅटिक ८० मशीनची चाल ऐंशी तासांची, बऱ्याच घड्याळांत येतं, चालतंही चांगलं. मात्र त्यात आमच्या ओळखीची रेग्युलेटरची काडी नाही. वेळ कारखान्यातच लावून येते, आणि काही प्रकारांत एस्केपमेंटचे (पॅलेट आणि एस्केप चाकाचे) भाग कृत्रिम पदार्थाचे असतात. ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच जाणार, हे आधी मान्य असेल तर घ्या. यात चूक-बरोबर काही नाही, फक्त घेताना माहीत असलं पाहिजे.

तर तुमच्या तीन पर्यायांत मी काय करीन? काकांच्या २८२४ ने चार दिवसांची परीक्षा पास केली, रोटर गरगरला नाही आणि किंमत सर्व्हिसिंगचा खर्च धरून बजेटमध्ये बसली, तर तेच. रोटर गरगरला तरीही तेच, फक्त भाव कमी करून, आणि पहिला महिना सर्व्हिसिंगसाठी माझ्यासारख्या कोणाकडे ठेवून. काकांनी भाव सोडला नाही तर एनएच ३५, बॉक्सबंद, वॉरंटीसकट; पहिल्या दोन आठवड्यांत रोजची चाल लिहून ठेवा, दिवसाला वीस सेकंदांच्या आत आणि सारखी असेल तर हात लावू नका. एचएमटी पहिलं आणि एकमेव घड्याळ म्हणून ऑनलाइन घेऊ नका. ते घ्यायचं तर आधी स्वतःच्या घरात शोधा, आजोबांचं, काकांचं, कपाटाच्या खणातलं. तेल वाळून थांबलेलं सापडलं, तर चालवून बघायला वेढे देत बसू नका, थेट उघडून साफ करून घ्या. वाळलेल्या तेलात जबरदस्तीने चालवलेल्या मशीनची टोकं झिजतात.